निम्मं भूत

टीव्हीतलं चित्र चहूबाजूंनी आक्रसत पोस्टकार्डाएवढं झालं, आणि भिमाजीचं टाळकं सरकलं.

"कुठल्या गाढवानं मोटार चालू केली रं?" ओट्यावर येऊन तो ओरडला.

रविवारची सकाळ. जपानी भुताच्या कार्टूनचा नवा सीझन आत्ताच सुरू झाला होता. नात श्रेया जूनपासून घोडेगावच्या होस्टेलवर, आणि तिथं टीव्ही नाही. मागच्या सीझनच्या शेवटी शाळेच्या कपाटात राहणारं ते भित्रं भूत धूर होऊन गेलं होतं. ते परत येतं का, एवढंच आबांनी बघून ठेवायचं. भाग संपला की ती फोन करणार होती. "आबा, झोपू नका हां!" असं एसटीच्या खिडकीतून बजावून गेली होती पोर.

झोपतोय कशाला! आंघोळ उरकून मांडी ठोकून बसला होता बिचारा. पण वस्तीवर विजेचे तीनऐवजी दोनच फेज. त्यावर कुणी कंडेन्सर लावून विहिरीची मोटार ओढली, की व्होल्टेज पडून घरोघरच्या टीव्हीची पार रया जायची. आता तर टीव्हीतून नुसती घरघर ऐकू येत होती.

"सोप्या, बंद कर तुझी मोटार! पोरीला काय सांगू मी?"

शेजारच्या अंगणातून सोपान म्हणाला, "आबा, माझी कवाच बंद हाय. तुमचीच चालू हाय की. टोमॅटोत पाणी चाललंय बघा."

सकाळी कंडेन्सर भिमाजीनंच लावला होता. कार्टूनच्या नादात साफ विसरला.

"आन् गावाच्या नावानं शंख!" चुलीपुढून कुशाबाई, त्याची बायको, म्हणाली.

तो अनवाणीच विहिरीकडे पळाला. धापा टाकत परतला, तेव्हा चित्र लख्ख आणि पडदाभर होतं. साबणाची जाहिरात. मग शेवटचं गाणं, आणि भाग संपला. च्यायला! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

फोन वाजला.

"आबा, आलं का भूत?" श्रेयाच्या मागं पोरींचा गलका होता. "सगळ्याजणी थांबल्यात इथं. सांगा ना!"

भिमाजीनं कुशाबाईकडं पाहिलं. ती तोंडात पदर धरून भाकरी थापत होती.

"आलं की," तो म्हणाला. "पण व्होल्टेजच न्हाई, तर निम्मंच उमटलं. कमरेखाली कायच न्हाई. असलं तापलं म्हणतेस! वस्तीभर बोंबलत सुटलं, कुणाची मोटार चालू हाय रं?"

तिकडं पोरी खिदळल्या. "मग? कुणाची निघाली?"

भिमाजीनं आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं.

"त्याचीच," तो म्हणाला.