तीस अंश

चार दिवसांच्या सुट्टीनंतर संशोधिकेने गव्हाच्या रोपांची खोली उघडली, तर आतली गरम हवा भसकन तोंडावर आली. तापमान वीसऐवजी तीस अंश. अडीच महिने जपलेली रोपं भराभर उंच होऊन आडवी पडली होती.

"साफसफाईनंतर बटण परत विसावर आणायचं राहिलं, मॅडम," प्रयोगशाळेतले काका म्हणाले. निवृत्तीला त्यांचे चारच महिने उरले होते. "माझंच चुकलं. साहेबांना कळवा."

रागवायलाही तिच्यात त्राण नव्हतं. या प्रयोगाची ही तिसरी खेप. "घरी जा, काका," एवढंच बोलून तिने निव्वळ सवयीने पट्टी उचलली.

वाढीचं संप्रेरक फवारलेल्या रोपांचं खोड बेचाळीस सेंटीमीटर. न फवारलेल्यांचं निम्मं असायला हवं होतं, भरलं एकेचाळीस. तिने पुन्हा मोजलं. तेच. संप्रेरकाचं काम नुसत्या उष्णतेनेच उरकलं होतं.

तिने दोन्ही आकडे वहीत उतरवले. काका अजून दारातच घुटमळत होते.

"उद्या जरा लवकर या," ती म्हणाली.

"रोपं उपटायला?"

"नाही. हीच चूक पुन्हा करायला. या वेळी नोंदी ठेवून."