मागे घेतलेले क्लेम

"तुम्ही अजून बुडाला कसे नाहीत?" तपासनीसानं विचारलं.

विमा कंपनीचा मॅनेजर हसला. "हा काय प्रश्न झाला, साहेब?"

प्रश्न बरोबर होता. साथीत माणसं पटापट गेली, आणि त्यांच्यामागे विमा कंपन्याही. या महिन्यात तपासनीसानं तीन कंपन्यांना टाळं लावलं होतं. क्लेम द्यायला पैसेच नव्हते. ही चौथी मात्र ठणठणीत.

खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याचा मोठा भाऊ साथीतच गेला. विमा इथलाच. मागे वहिनी, दोन पोरं, थकलेलं घरभाडं. परवाच वहिनी म्हणाली होती, "भावजी, कंपनी टिकेल ना हो? नाहीतर आम्ही रस्त्यावरच."

पण हिशोब काही पटत नव्हता.

"नऊशे क्लेम आले. दिलेत अकरा. बाकीचे कुठे गेले?"

"मागे घेतले. घरच्यांनीच. सह्या आहेत की."

"जवळजवळ नऊशे घरांना एकदम पैसा नकोसा झाला? मी काय दुधखुळा वाटलो?"

मॅनेजरनं फाइली पुढे सरकवल्या. बायकोची सही. आईची सही. मुलाची. सगळ्या खऱ्या.

"धमकावता लोकांना?"

"छे हो! एक फोन लावून देतो फक्त. बोलतात. मग विचारतात, पैसे घेतले तर हे बंद होईल का? आम्ही खोटं सांगत नाही."

काचेपलीकडे बाकांवर माणसं फोन कानाला लावून बसली होती. एक म्हातारी गालातल्या गालात हसत होती. कुणाचाच आवाज चढत नव्हता.

तो फाइली उलटत राहिला. एका फाइलीवर हात थबकला. भावाचं नाव. खाली वहिनीची सही. तारीख आजची.

त्याचं टाळकंच सरकलं. त्यानं वहिनीला फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. पाच वेळा तेच.

"नाही लागायचा," मॅनेजर हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी कुणी लवकर ठेवत नाही."

मग तपासनीसानं भावाचा नंबर लावला. महिन्यापूर्वी स्वतः अर्ज देऊन कायमचा बंद करून घेतलेला.

तोही बिझी होता.