सात वेळा

पाहुण्यांसमोर बायकोचा एक इंग्रजी उच्चार चुकला, तेव्हा मास्तरांनी तिला तिथेच अडवलं होतं. "जखम म्हणजे वूंड. वाउंड म्हणजे गुंडाळलेलं. पुन्हा म्हण." तिने सात वेळा म्हटलं, मगच त्यांनी चहाचा कप उचलला. त्यानंतर चारचौघांत तिने कधी तोंड उघडलं नाही.

आता अर्धांगाच्या झटक्यानंतर मास्तरांची जीभ वळत नव्हती. शब्द नीट आल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही, असं थेरपिस्ट बजावून गेली होती. बायको पेला धरून समोर उभी होती.

"पा... पा..."

"पुन्हा म्हणा."

चौथ्या खेपेला "पाणी" अगदी स्वच्छ आलं. मास्तरांनी हात पुढे केला.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

अजून तीन खेपा बाकी होत्या.