भिंगाखालचं नाव

बाबांना ऐकू यावं म्हणून मी गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारा प्रोग्राम लिहिला. सगळ्यांसाठी खुला करताना, तो कुणी कोणत्या अटींवर वापरावा याचा परवाना निवडायचा होता. मित्र म्हणाला, “जो वापरेल त्यानंही आपलं काम खुलं ठेवावं, अशी अट घाल.” मी म्हटलं, “विहिरीवर पहारा कशाला? न्या म्हणावं खुशाल! फक्त माझं नाव ठेवा.” एका कंपनीनं खुशाल नेला, श्रवणयंत्रात बसवला. ते बाबांनी हौसेनं घेतलं. यंत्रासोबतच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचं, मुंगीएवढ्या अक्षरांतलं माझं नाव भिंग देऊन शेजाऱ्यांना दाखवलं. आज यंत्र बंद पडलं. कंपनी म्हणते, मॉडेल जुनं झालं, नवं घ्या. बाबांनी ते माझ्या हातात ठेवलं. “तुझंच आहे ना? कर की दुरुस्त!” “यंत्रातल्या प्रोग्रामला कुलूप लावलंय त्यांनी, मलाही उघडता येत नाही!” मी ओरडले. बाबांना ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्या नावावर भिंग धरलं.