माहेरची अ‍ॅडमिन

आईचं तेरावं झालं आणि घरचा कॉम्प्युटरतज्ज्ञ हेरंब तिचा मोबाइल आवरायला बसला. भजनांचं अ‍ॅप, साड्यांच्या दुकानाचं खातं, सगळं पटापट बंद केलं. त्याच झोकात त्याने तिला बहिणींच्या 'माहेर' ग्रुपमधूनही बाहेर काढलं.

लगेच सिंधूमावशीचा फोन. "अरे, 'ताई ग्रुप सोडून गेली' वाचून काळजात चर्र झालं!"

"मावशी, खाती रीतसर बंद करावी लागतात."

"आलाय मोठा रीतसरवाला! ताई एकदा न सांगता गेली, तेव्हा माझं काही चाललं नाही. या ग्रुपची अ‍ॅडमिन मी आहे."

मिनिटभरात आईचा मोबाइल वाजला. मावशीने तिला परत घेऊन लिहिलं होतं, 'ताई, आता मला विचारल्याशिवाय माहेर सोडायचं नाही.'

आपल्याच हुशारीला हसत, नाक पुसत हेरंबने तो मोबाइल चार्जिंगला लावला.