बंद दिसणारं दार

प्रेसचं जाळीचं दार उघडल्यावर कार्डावरचा दिवा विझला होता, पण लॅपटॉपच्या पडद्यावर ते बंदच दिसत होतं. इलेक्ट्रिशियन बाईने दार लावलं, पुन्हा उघडलं. दिवा लागला, विझला. पडद्यावर ढिम्म फरक नाही.

खरं तर ती दाराच्या मागे लागलीच नव्हती. खोक्यांचे पुठ्ठे कापणाऱ्या प्रेसवरचा मोजणीचा आकडा पुढे सरकत नाही, एवढीच तक्रार होती. पॅनेलमधला, मशीन चालवणारा कंट्रोलर जुनाट. त्याचे सुटे भाग मिळणंही केव्हाच बंद झालेलं. मोजणीच्या सेन्सरची तार ज्या इनपुट कार्डात येत होती, त्याच कार्डात शेजारी जाळीच्या दाराच्या स्विचची तार होती. सेन्सरचा दिवा नीट लुकलुकत होता. म्हणजे बाहेरून खबर येत होती, ती आत कंट्रोलरपर्यंत पोचत नव्हती. कार्डातच खोट असेल तर शेजारच्याचीही खात्री करून घ्यावी, म्हणून तिने सहज दार उघडून पाहिलं होतं.

पॅनेलचा पंखा कधीचा बंद पडलेला. कार्डाला हात लावला तर चटका बसला. तिने ऑफिसातला टेबलफॅन उचलून आणला, पॅनेलसमोर लावला आणि वाट पाहिली. कार्ड निवलं. तिने दार उघडलं. पडद्यावरही दार उघडलं. मग फॅन बाजूला केला, कार्ड पुन्हा तापू दिलं. पडद्यावरचं दार बंद झालं, ते उघडायलाच तयार होईना.

ती तिथेच एका खोक्यावर बसली.

याच प्रेसखाली तिच्या वडिलांचा उजवा हात मनगटापासून गेला होता. मी दार उघडून अडकलेला पुठ्ठा काढत होतो, असं ते सांगत. दार उघडल्यावर प्रेस उतरूच शकत नाही, असं चौकशीला आलेले लोक म्हणत. त्या लोकांनी तपासणी केली तेव्हा मशीन कित्येक दिवस बंद होतं, गारठलेलं. सगळं ठणठणीत निघालं. मग एकच निष्कर्ष उरला. यानेच कामाच्या घाईत, दार बंद भासावं म्हणून, दाराचा स्विच बांधून ठेवला असणार. वडील घरी बसले ते कायमचे. दारात येईल त्याला तेच ते सांगत राहिले. पुढे ती हेच काम शिकली, याच कारखान्यात लागली, आणि एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, दिवा विझल्यावर मशीन चालत नाही. मी रोज बघते." त्यानंतर वडिलांनी तो विषय घरात कधी काढला नाही.

तिने मेन स्विच खाली ओढला. सुपरवायझरला जाऊन सांगितलं, "कार्ड गेलंय. मशीन चालवू नका."

"बरं, बघतो," फोनमधून मान वर न काढता तो म्हणाला.

जेवणाची सुट्टी झालीच होती. तिने टूलबॅग खांद्याला अडकवली, स्कूटर काढली आणि तडक घर गाठलं.

वडील धुतलेले कपडे आवरत होते. शर्टाची कॉलर हनुवटीखाली धरायची आणि डाव्या हाताने घडी घालायची, अशी त्यांची रीत होती. ती उभ्या उभ्याच सांगत सुटली. कार्ड, पंखा, दिवा, पडदा, सगळं एकमेकांत गुंतत गेलं. "तुमची चूक नव्हती, बाबा," ती म्हणाली. "कार्ड तापलं की ते खोटं दाखवतं. तेव्हाही तसंच झालं असणार."

आता ते रडतील, नाहीतर शिव्या घालतील, निदान तिला दोन शब्द सुनावतील, असं तिला वाटलं. ऐकून घ्यायची तिची तयारी होती. वडिलांनी हातातली घडी पुरी केली.

"आता कोण असतं त्या मशीनवर?"

"एक बाई आहेत."

"त्यांना सांगितलंस?"

"सुपरवायझरला सांगितलंय. मेन स्विच पाडून आलेय मी."

"स्विचला कुलूप लावलंस?"

कुलूप खांद्यावरच्या बॅगेतच होतं. ती वळेपर्यंत वडिलांनी पायांत चपला सरकवल्या होत्या.

कारखान्याच्या फाटकाशीच प्रेसचा धप्प धप्प आवाज ऐकू आला. हात गेल्यापासून वडील या फाटकातून आत आले नव्हते. आता ते कुणाकडे न बघता झपाझप चालत गेले, तिच्याही पुढे. मशीनवरची बाई बाही वर सारून जाळीचं दार उघडत होती. वडिलांनी डाव्या हाताचा तळवा लाल बटणावर हाणला. आवाज थांबला. सुपरवायझर धावत आला, "मशीन कुणी थांबवलं? हे कोण?" त्याला उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. मुलगी पॅनेलकडे गेली, मेन स्विच खाली ओढला आणि त्याला कुलूप घातलं.

"बाई," धाप आवरत वडील म्हणाले, "दार उघडं असलं तरी हा प्रेस खाली येतो. आत हात घालू नका."

बाईने त्यांच्या उजव्या बाहीकडे पाहिलं. ती दचकली नाही.

"माहीत आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "दोनदा आलाय. पण तुम्ही सांगितलंत तर ठपका तुमच्यावरच आला, ते ऐकलं होतं, म्हणून कुणाला बोलले नाही."