धोका आढळला

पत्रिका जुळली तरच उलव्याच्या तेजसला होकार, असं सुधीररावांनी मनालीला बजावलं होतं. म्हणून त्यांनी कुंडलीचं सॉफ्टवेअर अपडेट करायला घेतलं, तेव्हा ती शेजारीच खुर्ची ओढून बसली. अर्ध्यावर अँटिव्हायरसने लालभडक पाटी झळकावली: ‘धोका आढळला.’

“मनू, व्हायरस शिरला की काय गं? राहू दे, बंदच करतो.”

“अहो बाबा, खोटा अलार्म आहे तो! अपडेटमुळे फाइल बदलली, म्हणून त्याला ती ओळखू येत नाही. आणि ओळख नसली की ते साव माणसालाही चोर ठरवतं. मी कंपनीची डिजिटल सही तपासली, सॉफ्टवेअर शंभर टक्के अस्सल आहे. द्या परवानगी, माझ्यावर विश्वास ठेवा.”

संगणकशास्त्र शिकलेल्या मुलीचा शब्द मानून सुधीररावांनी परवानगी दिली. मग दोघांच्या जन्मवेळा भरल्या, बटण दाबलं आणि निकाल मोठ्याने वाचला: “मुलाला कडक मंगळ. विवाह वर्ज्य.”

त्यांनी चष्मा काढून लेकीकडे पाहिलं. “शंभर टक्के अस्सल म्हणालीस ना?”



“व्हायरसच आहे हो बाबा. आत्ताच्या आत्ता डिलीट करा.”